चौदा मिनिटांचा सिनेमा

नऊ वर्षांच्या लेकीला, हिमानीला, सिनेमा दाखवण्याआधी देवदत्तने त्याचं टेस्टिंग केलं. अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या ऑफिसात तो दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. ती खोड घरीही सुटत नव्हती. सिनेमा घानाचा होता. एक आजारी मुलगा हॉस्पिटलच्या पलंगाची होडी करतो आणि मनातल्या मनात समुद्रावर निघतो. हिमानीलाही किडनीच्या दुखण्याने चार महिने छळलं होतं आणि सोमवारी पुन्हा सलाइन लावायचं होतं. सिनेमा बघून तिला धीर यायला हवा, पण घाबरण्यासारखं काही दिसायला नको. म्हणून देवदत्तने एक्सेल शीट बनवली: कितव्या मिनिटाला काय काय गाळायचं.

रविवारी दुपारी, बाहेर बर्फ पडत असताना, शीट मांडीवर आणि रिमोट हातात घेऊन तो सज्ज झाला. नागपूरहून आलेल्या संध्याकाकू हिमानीसाठी अळणी खिचडीची वाटी घेऊन शेजारी बसल्या.

डॉक्टर आले, फॉरवर्ड. सुई दिसली, फॉरवर्ड. मुलाची आई रडायला लागली, फॉरवर्ड. नर्स बिचारी नुसती हसत होती, पण तिच्या हातात ट्रे होता.

"रिस्क नको," म्हणत देवदत्तने तिलाही पळवलं.

"काय रे, हा पोट्टा दिवसभर नुसता लोळते काय?" काकू वैतागल्या. "अन् आता एकदम समुद्रात? मायबाप काही बोलत नाही का त्याला?"

"काकू, तो आजारी आहे," देवदत्तची बायको सुनेत्रा म्हणाली.

"कधी पडला आजारी? मी तर इथंच बसून आहे!"

पुढे एक होडी, एक मोठा मासा, टाळ्या, आणि पडद्यावर नावं सरकू लागली. सत्त्याण्णव मिनिटांचा सिनेमा चौदा मिनिटांत आटोपला. खिचडी अजून गरम होती.

"देव, आजारी मुलाच्या सिनेमातून तू आजारच डिलीट केलास?" सुनेत्राने विचारलं.

"नेटवर्क स्लो असेल."

"स्लो असतं तर लांबला असता ना!"

हिमानी मात्र शांत होती. "इट्स ओके, बाबा. आय हॅव सीन इट. हॉस्पिटलमधे नर्सने आम्हा किड्सना दाखवला. ट्वाइस."

"पूर्ण?"

"ऑफ कोर्स! सुईवाला पार्ट इज द बेस्ट. सांगू?"

ती सोफ्यावर उभीच राहिली. सलाइनच्या स्टँडची डोलकाठी कशी झाली, चादरीचं शीड कसं फुगलं, सगळं तिने हातवारे करून सांगितलं. काकू घास भरवायचं विसरून ऐकत बसल्या. मग तिच्या गोष्टीत नर्स ट्रे घेऊन आली आणि देवदत्तचा चेहरा पडला. चार महिने हॉस्पिटलात नेमक्या याच वेळी तो कॉफी आणायला बाहेर जायचा. पोरीपेक्षा तोच जास्त घाबरायचा, पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

"हिमू, एवढं राहू दे ना," तो हळूच म्हणाला. "पुढचं सांग."

हिमानी खाली बसली आणि तिने त्याचा हात धरला.

"बाबा, तू डोळे मिट. झालं की मी सांगते."