सहा वाजून चार मिनिटांची आक्का

गुप्तहेराला नजर लागते, नाक लागतं आणि ताठ मान लागते. माझ्याकडे तिन्ही आहेत. पोटासाठी मी गाद्यांच्या कारखान्यात संगणक सांभाळतो, पण तो माझा मुखवटा आहे. आजवर मी एकवीस प्रकरणं हाताळली. त्यातलं एकही सुटलं नाही, कारण माझं नाव ऐकताच गुन्हेगार पोबारा करतात. पॅकिंगमध्ये काम करणारा माझा मेव्हणा हाच माझा सहाय्यक. त्याचं मत जरा वेगळं आहे. ते इथे देण्याचं कारण नाही.

बाविसावं प्रकरण मालकांच्या केबिनमध्ये सुरू झालं. शिवण विभागाच्या मुकादम आक्का किल्ल्यांचा जुडगा घट्ट धरून उभ्या होत्या. अकरा वर्षं रोज सकाळी साडेआठला कुलूप त्याच उघडतात, मेन स्विच त्याच लावतात आणि सगळ्यांत आधी हजेरीच्या यंत्राला कार्ड त्याच लावतात.

"पंधरा दिवस सकाळची तुमची हजेरीच नाही," मालक म्हणाले. "कार्ड लागतं ते संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी! साडेपाचला सगळे घरी जातात. बंद कारखान्यात तुमचं काय काम?"

"सहाला मी घरी नातवाचा अभ्यास घेत असते हो."

"उद्या दुपारपर्यंत खुलासा झाला नाही, तर किल्ल्या ठेवा आणि घरी बसा."

आक्कांचा चेहरा पडला. मलाही वाईट वाटलं, पण गुप्तहेराने हळवं होऊन चालत नाही. मी डायरी उघडली.

"साहेब, ते यंत्र हल्ली मला सकाळी 'शुभ संध्याकाळ' म्हणतं," केबिनबाहेर येताच आक्का मला म्हणाल्या.

'आरोपी यंत्रांशी बोलते,' मी लिहिलं आणि पान उलटलं.

माझी बुद्धी कामाला लागली. सगळ्यांच्या मागे मी रोज ठीक सहाला कुलूप दाबून निघतो आणि चारच मिनिटांत ही बाई आत! म्हणजे माझी पाठ वळायचीच वाट बघते. "किंवा त्यांना जुळी बहीण असेल," मी मेव्हण्याला म्हणालो.

"त्यांना तीन भाऊ आहेत, भावोजी."

"मग त्यातला एक साडी नेसून येत असेल."

त्या संध्याकाळी आम्ही सापळा लावला. आधी मी माझं रोजचं काम उरकलं. पंधरा दिवसांपूर्वी आमचा जुना संगणक वारला तेव्हा त्यातली हजेरी नव्यावर चालेना. म्हणून मी नव्याच्या पोटात एक आभासी, म्हणजे खोटा खोटा, जुना संगणक थाटला होता. सहाच्या ठोक्याला मी त्याला आहे त्या अवस्थेत गोठवून ठेवतो. सकाळी मेन स्विच लागला की तो आपोआप तिथूनच पुढे चालू होतो. असली टापटीप आमच्या खानदानातच आहे. मग आम्ही दोघं एका डबल गादीमागे दबा धरून बसलो. गादी उत्तम होती. माझा डोळा लागला.

साडेसहाला मेव्हण्याने हलवून उठवलं. "चिटपाखरू आलं नाही. मी जागा होतो."

सकाळी साडेआठला आम्ही आक्कांबरोबरच आत शिरलो. त्यांनी मेन स्विच लावला, खिडक्या उघडल्या आणि चार मिनिटांनी कार्ड लावलं. "शुभ संध्याकाळ," यंत्र म्हणालं. मी धावत जाऊन नोंद पाहिली: काल, संध्याकाळ, सहा वाजून चार मिनिटं.

"भूत!" मी ओरडलो.

"कसलं भूत?" आक्का म्हणाल्या. "आमचा नातू दुपारी झोपतो आणि दिवेलागणीला उठला की ब्रश घेऊन दात घासायला जातो. झोपून उठलेल्याला मधली वेळ कळत नाही. याला काल झोपवलं कुणी? आणि किती वाजता?"

मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

आठ चाळीसला आभासी संगणकाचं घड्याळ एकदम उडी मारून खऱ्या वेळेवर आलं. नवा संगणक पोटातल्याला दर दहा मिनिटांनी बरोबर वेळ सांगतो. मागून येणाऱ्यांची हजेरी म्हणून ठीक पडायची आणि सगळ्यांत आधी येणारी बाई चोर ठरत होती. मला मनापासून लाज वाटली.

मालक आले. मी मान ताठ केली. "गुन्हेगार सापडला."

"कोण?"

"मी. आजवर एकाही गुप्तहेराने गुन्हेगाराला इतकं जवळून ओळखलं नसेल."

"हे पंधरा दिवसांत कुणाला सांगता आलं नाही?" मालक कडाडले.

"मी काल सांगितलं की यांना," आक्का म्हणाल्या. "यांनी लिहूनही घेतलं."

मालकांनी डायरी मागितली. तो प्रसंग मी गाळतो. पण किल्ल्या आक्कांच्या कमरेला परत लटकल्या आणि मालकांनी स्वतः त्यांची माफी मागितली.

आता मी तो संगणक रोज रीतसर बंद करतो आणि सकाळी त्याला आधी वेळ विचारतो. मालकांच्या हुकुमावरून साडेआठला दारात हजर असतो, डोळे चोळत. आज आक्कांनी कार्ड लावलं. "शुभ प्रभात," यंत्र म्हणालं.

"उशिरा का होईना, डोकं ठिकाणावर आलं बाबा तुझं," आक्का म्हणाल्या.

यंत्रालाच म्हणाल्या, असा माझा तर्क आहे.