घरतांचा अकराशे सत्तेचाळीस

हिरामण घरतांनी मुलीच्या हळदीची आमंत्रणं वाटली तेव्हा प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात लाल पेनाने एक क्रमांक घातला होता. माझा क्रमांक सतरा. ही साधी गोष्ट मी गेली सोळा वर्षं कुणाला सांगितली नाही, कारण सतरा क्रमांकाचं सांगायला घेतलं की त्याच्या पुढचंही सांगावं लागतं, आणि पुढचं सांगायचं मी टाळत आलो. घरत जाऊन आता आठ महिने झाले. मला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली. टाळायला आता फारसा वाव उरलेला नाही.

"पत्रिकेवर नंबर कशाला हो?" मी त्यांना विचारलं होतं.

"बिननंबरचं काम राहून जातं, साहेब," घरत म्हणाले आणि त्यांनी पिशवीतून शंभरपानी वही काढून दाखवली. पाहुण्यांची यादी. प्रत्येक नावापुढे दोन रकाने: 'आले' आणि 'जेवले'. "आले म्हंजे काम झालं. जेवले म्हंजे बंद. जेवल्याबिगर मी कोनाला बंद करत नाय."

हे बोलणं कळायला आमचं काम थोडं सांगायला हवं. बेलापूरच्या आमच्या कचेरीत न्हावा शेव्याकडच्या कंटेनर यार्डांसाठी प्रोग्राम तयार व्हायचे. कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर ठेवलाय, ते प्रोग्रामने सांगायचं आणि क्रेनवाल्याने ऐकायचं. प्रोग्राम म्हटला की चुका आल्या. चुकीला बग म्हणतात. आणि हे बग हरवू नयेत म्हणून त्यांची नोंद ठेवणारा आणखी एक प्रोग्राम असतो, त्याला आम्ही ट्रॅकर म्हणायचो. घरत त्या ट्रॅकरचे कारभारी. मी त्यांचा साहेब.

मुळात ते आमचे नोकर नव्हतेच. एका यार्डात टॅली क्लार्क होते, खोके मोजणारे. आमच्या प्रोग्रामविरुद्ध सगळ्यात जास्त तक्रारी त्यांच्या यायच्या, आणि इतक्या नेमक्या यायच्या की आमच्या मालकांनी वैतागून त्यांनाच कामावर घेतलं. घरात गरज होती असंही नाही. वडिलांची भातशेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं, बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर उलव्यात इमारत उभी राहिली, चार फ्लॅट भाड्याने. भावकीतले लोक गळ्यात साखळ्या घालून गाड्या फिरवत होते आणि घरत डबा घेऊन साडेआठला कचेरीत हजर. "शेत गेलं तवापासून सकाली उठून जायाला कायतरी पायजे ना," म्हणायचे.

ट्रॅकर त्यांनी शेतासारखाच राखला. "चालत नाय" एवढंच सांगणाऱ्याला ते उभं करायचे नाहीत. तीन प्रश्न ठरलेले: काय केलं, काय व्हायला पायजे होतं, आन् काय झालं? ही सवय घरीही गेली. एकदा वहिनींनी भात करपल्याचं सांगितलं, तर यांनी तिथेही विचारलं, "काय केलं?"

"तुमच्याशी लगीन केलं," वहिनी म्हणाल्या.

"काय व्हायला पायजे होतं?"

"सुखात राहायला पायजे होते."

"आन् काय झालं?"

"ह्ये."

हा संवाद घरतांनीच आम्हाला सांगितला, आणि वर म्हणाले, "बघा, माझ्या बायकोला जमतंय. तुमच्या इंजिनेराला नाय जमत."

इंजिनियर मंडळी त्यांना दबकून असत. एका तरुणाने "माझ्या टेबलावर तर बरोबर चालतंय" असं उत्तर दिलं. घरतांनी वाद घातला नाही. त्याला स्कूटरवर मागे बसवलं, थेट यार्डात नेलं आणि भर दुपारी गेटवर दीड तास उभं केलं. "गाड्या इथं येतात, बाला. तुझ्या टेबलावर नाय येत." तो मुलगा परत आला तो टोमॅटोसारखा लाल होऊन, पण बग त्याला सापडला होता.

प्रत्येक बगला दोन मापं लावायची असतात, सिव्हिरिटी आणि प्रायॉरिटी. शिकलेसवरलेले लोक यात घोळ घालत. घरत नव्या माणसाला सांगायचे, "सिव्हिरिटी म्हंजे किती लागलं. प्रायॉरिटी म्हंजे किती घाई. लग्नाच्या पत्रिकेत नवरीच्या मामाचं नाव राहिलं. कोनाला लागलं? कोनाला नाय. लगीन लागतंय, जेवन होतंय. पन घाई किती? छापखाना उघडून परत छापा, नायतर मामा मांडवात येत नाय." पुढे स्वतःचा गुडघा दुखायला लागला आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हा म्हणाले, "लागलंय मध्यम, घाई नाय. गुडघा पुढच्या आवृत्तीत बघू."

त्यांच्या इमारतीत पाणी आलं नाही की चार भाडेकरूंचे चार फोन यायचे. घरत सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे: "तुमची तक्रार दुसऱ्या मजल्याच्या तक्रारीत जोडली हाय. बग एकच हाय, बाकी तीन त्याची पोरं." भाडेकरू बुचकळ्यात पडायचे, पण टाकी दुरुस्त व्हायची.

आणि एक नियम त्यांनी देवासारखा सांभाळला. दुरुस्ती करणाऱ्याने 'दुरुस्त' असं लिहायचं; 'बंद' लिहायचा अधिकार मात्र ज्याने बग नोंदवला त्यालाच. ट्रॅकरमध्ये त्यांनी तसं कुलूपच घातलं होतं. साहेब असो की मालक, दुसऱ्याचा बग बंद होणारच नाही. "करनारा म्हनतो झालं. झालं की नाय, ते ज्याला लागलं तो सांगेल." फक्त स्वतःचा पासवर्ड त्यांनी एका पाकिटात घालून, पाकिटाला डिंक लावून माझ्याकडे दिला होता. "उद्या मला काय झालं तर माझे बग अडकून राहायला नको. तुमच्याकडं असू द्या."

आता अकराशे सत्तेचाळीस नंबरच्या बगकडे येतो.

दुपारी पाळी बदलताना एखादी गाडी गेटवर अडकली, तर आमचा प्रोग्राम कधीमधी एकाच जागी दोन कंटेनर दाखवायचा. म्हणजे त्यातला एक यार्डात उभा असूनही हिशेबातून नाहीसा. कचेरीत आम्ही पन्नास वेळा करून पाहिलं, एकदाही घडलं नाही. घरतांनी यार्डात स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा पाहिलं होतं. त्यांनी तो सगळ्यात वरच्या सिव्हिरिटीने नोंदवला. अशा दर्जाचा एकही बग उघडा असेल तर प्रोग्राम गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा नाही, असा करार. आणि सोमवारी हवाली करायचा होता. त्या सोमवारवर माझी बढती टांगलेली होती, हेही लिहून टाकतो.

"घरत, बंद करा ना. दोनदाच तर दिसलाय."

"साहेब, घरात साप दोनदाच दिसला म्हनून पोरांना खाली झोपवाल काय?" त्यांनी हसून सांगितलं. "हलदीला या शनवारी. सगल्या ऑफिसला घेऊन या."

शनिवारी संध्याकाळी सगळी कचेरी उलव्यात मांडवात होती. आगरी हळद ज्यांनी पाहिली नाही त्यांना तो थाट सांगून कळणार नाही. बेंजो वाजत होता, बायका नाचत होत्या, पोरगी प्रज्ञा पिवळीधमक होऊन बसली होती आणि घरत कोपरापर्यंत हळदीने माखलेले, काखेत शंभरपानी वही. मला पाहिल्याबरोबर त्यांनी सतरा क्रमांकापुढे 'आले' अशी खूण केली. वहीच्या पानावर पिवळा अंगठा उमटला.

"पंगत बसतेय अर्ध्या तासात. जेवून जायाचं, साहेब."

मी हो म्हटलं आणि पाच मिनिटांनी डोकं दुखतंय असं कुणाला तरी सांगून बाहेर पडलो. कचेरी ओस होती. मी ते पाकीट फोडलं. घरतांच्या नावाने ट्रॅकर उघडला आणि अकराशे सत्तेचाळीसखाली लिहिलं: 'पुन्हा तपासले. आढळले नाही. बंद.' वेळ लागला चार मिनिटं.

सोमवारी प्रोग्राम हवाली झाला. मला पेढे वाटावे लागले.

तिसऱ्या आठवड्यात एका यार्डातून डाळिंबांचा कंटेनर नाहीसा झाला. थंड कंटेनर, त्याला सतत वीज जोडून ठेवावी लागते. आमच्या प्रोग्रामने त्याच्या जागी दुसराच कंटेनर दाखवला, त्यामुळे वीज कुणी जोडलीच नाही. तो नऊ दिवसांनी सापडला, तोही शोधून नाही, वासावरून. दार उघडणारा माणूस दोन दिवस जेवला नाही म्हणतात.

बैठक बसली. गिऱ्हाइकाची माणसं समोर, भिंतीवर ट्रॅकर मोठा करून दाखवलेला. बगचा सगळा इतिहास त्यात राहतो; कुणी काय केलं, कधी केलं. शेवटची ओळ अशी: 'बंद करणारा: हिरामण घरत. शनिवार, सायंकाळी सात वाजून चाळीस मिनिटे.'

खोलीतल्या प्रत्येकाने नाव वाचलं. वेळ फक्त दोघांनी वाचली. सात चाळीसला घरत मांडवात होते, आणि ते बघायला अख्खी कचेरी तिथे हजर होती. मी सोडून. त्यांनी भिंतीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी पाण्याचा ग्लास उचलला.

"तुम्हीच नोंदवलात, तुम्हीच न बघता बंद केलात?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"नाव माझं हाय," घरत म्हणाले. "पासवर्ड सांभालायचं काम पन माझंच होतं."

खोटं त्यांनी त्याही वेळी सांगितलं नाही. ऐकणाऱ्यांनी मात्र त्यातला कबुलीजबाबच ऐकला. त्यांच्याकडून ट्रॅकर काढून घेतला आणि त्यांना स्टेशनरीच्या खोलीत बसवलं. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला. ज्या यार्डात त्यांचा शब्द शेवटचा मानायचे, तिथले ड्रायव्हर त्यांना 'डाळिंबवाले' म्हणायला लागले. नंतर ते तिकडच्या टपरीवर चहालाही गेले नाहीत, असं कानावर आलं. मी मनाची समजूत घालायचो, की यांना काय, चार फ्लॅटचं भाडं येतंय. हे वाक्य मी पुष्कळ वर्षं वापरलं.

ट्रॅकर हातातून जायच्या आदल्या दिवशी मात्र त्यांनी एक काम केलं होतं. अकराशे सत्तेचाळीस पुन्हा उघडला होता. ट्रॅकरमध्ये एक सोय असते: बगबद्दल कुणाकडून माहिती हवी असेल तर त्याच्या नावाने प्रश्न टाकायचा, आणि उत्तर येईपर्यंत ट्रॅकर दर सोमवारी त्या माणसाला आठवण करून देतो. घरतांनी माझ्या नावाने प्रश्न टाकला होता.

'साहेब, हळदीतून न जेवता गेलात. काय झालं?'

बग पुढे दुसऱ्याने दुरुस्त केला. प्रश्न तसाच राहिला. निवृत्त होईपर्यंत दर सोमवारी सकाळी मला ते पत्र यायचं: आपल्याकडून एक माहिती येणे बाकी आहे. त्यांच्यानंतर ट्रॅकरची किल्ली माझ्याकडेच होती, ते पत्र मला सहज थांबवता आलं असतं. तेवढं मी केलं नाही. उत्तरही दिलं नाही.

मागच्या वर्षी मी त्यांच्याकडे गेलो. काय बोलायचं ते बेलापूरपासून घोकत गेलो होतो. त्यांची इमारत सापडायला वेळ लागला, भोवताली सगळेच टॉवर झालेत. डोक्यावरून विमान गेलं की बोलणं थांबवावं लागत होतं. घरत खूप वाळले होते. गुडघा पुढच्या आवृत्तीवरच होता. दाराशी मला बघून म्हणाले, "तुमच्या घरच्यांना नाय आनलं?" मग आत वळून हाक मारली, "अगं, सतरा नंबर आला."

वहिनींनी पापलेटचं कालवण आणि तांदळाची भाकर वाढली. मी जेवलो. ते समोर बसून माझ्या ताटाकडे बघत होते. प्रज्ञाचा मुलगा सातवीत आहे, विमानतळाने आवाज किती वाढलाय, नवे भाडेकरू गाड्या कशा आडव्या लावतात, असं सगळं बोलणं झालं. दोन-तीनदा मी "घरत, ते..." असं म्हटलं आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, "आधी जेवा."

हात धुऊन आलो तर त्यांनी कपाटातून ती शंभरपानी वही काढली होती. पानं पिवळी पडली होती, अंगठ्याचा डाग त्याहून पिवळा. सगळ्या नावांपुढे दोन-दोन खुणा, सतरापुढे एकच. त्यांनी लाल पेन शोधून 'जेवले'च्या रकान्यात सावकाश खूण केली.

"बंद," ते म्हणाले.

पण पेनाला टोपण लावलं नाही. पेन तसंच हातात धरून ते माझ्याकडे बघत बसले. घाई काहीच नव्हती. खिडकीबाहेर विमान गेलं, आवाज पूर्ण विरला, तरी बसून होते.

मी चपला घातल्या.

"कालवण फार छान झालं होतं, वहिनी," मी म्हणालो.