सर्व्हरच्या अखंड पाहणीबाबत

कोणतेही काम व्यवस्थित होण्यासाठी ते कोणीतरी पाहत असणे आवश्यक असते. ते कोणीतरी करत असणे ही त्यानंतरची बाब आहे. या तत्त्वावर बरीच कार्यालये उभी आहेत आणि दवाखान्यांच्या वेळा नोंदवणारे हे कार्यालय त्याला अपवाद नाही. शहरात कोणाची दाढ ठणकली की तो मोबाइलवर बटण दाबतो, ते मागणे इथल्या सर्व्हरकडे येते आणि सर्व्हर डॉक्टरांची वेळ देतो. पूर्वी लगेच देत असे. एके दिवशी मात्र तो रेंगाळू लागला. (दाढ थांबायला तयार नसते, हा तिचा दोष आहे.)

सर्व्हर सांभाळणारे गृहस्थ एकच होते. त्यांना सगळे 'सर्व्हरवाले' म्हणत. रागात असली की बायकोसुद्धा. त्यांनी अशा वेळी करतात तेच केले. सर्व्हरला मिळणारा प्रत्येक आदेश मिळताक्षणी पडद्यावर उमटेल, अशी सोय चालू केली. 'अमक्याची नोंद काढ', 'रिकामी वेळ शोध', 'तमक्याचे नाव लाव', अशा ओळी सरसर जाऊ लागल्या. डोळ्यांच्या विभागाचा प्रोग्रॅम एकच प्रश्न शंभरदा विचारत होता, हे त्यांना दहा मिनिटांत दिसले. त्यांनी तो गप्प केला आणि ते पडदा बंद करणार, एवढ्यात मागे साहेब उभे असल्याचे त्यांच्या लक्षात आले.

साहेबांनी कित्येक वर्षे कार्यालय चालवले होते, पण ते चालताना कधी पाहिले नव्हते. काळ्या पडद्यावरच्या हिरव्या ओळी बघून त्यांचे डोळे भरून आले.

"हे सगळं आपण करतो?"

"सर्व्हर करतो, साहेब."

"तेच ते. बंद करू नका."

"हे फार वेळ चालू ठेवायचं नसतं साहेब. बघत बसलं की तो मंदावतो."

"का? लाजतो?"

सर्व्हरवाल्यांनी समजावून सांगितले. खिडकीवरच्या कारकुनाला प्रत्येक काम करताना 'आता मी हे करतोय' असे मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या कानात जाऊन सांगावे लागले, तर रांग सरकेल कशी? साहेबांना उदाहरण फार पसंत पडले. असा एक कारकून खिडकीवर नेमता येईल का, याची त्यांनी चौकशी करायला सांगितली.

पडदा साहेबांच्या खोलीत गेला. साहेब आपल्या माघारी काहीतरी बघतात, हे उपसाहेबांना सहन होईना, म्हणून एक त्यांच्याकडे. मग हिशेबनिसांकडे. मग आवक-जावकच्या बाईंकडे, कारण सर्व्हरचीही आवक-जावकच असते. ज्यांच्याकडे संगणक नव्हता, त्यांना या कामासाठी तो देण्यात आला. आता सर्व्हरला एक वेळ देण्यासाठी अकरा जणांच्या कानाला लागावे लागे. तो खरोखरच मंदावला, आणि मंदावला का हे पाहण्यासाठी अकरा जणांची समिती नेमणे ओघाने आलेच. समितीला घरूनही पाहता यावे म्हणून अकरा मोबाइल जोडले.

समितीचा पहिला अहवाल अभ्यासपूर्ण होता. त्यानुसार ७४ टक्के आदेश समाधानकारक दिसले, १९ टक्के बरे दिसले आणि उरलेले चहाच्या वेळेत निघून गेल्याने त्यांच्याविषयी मत देता आले नाही. (यापुढे आदेशांनी चहाच्या वेळेत येऊ नये, अशी शिफारस आहे.)

इकडे सर्व्हरवाल्यांच्या लेकीचे दिवस भरले होते. ती लांबच्या शहरात, जावई बोटीवर नोकरीला. बायको आधीच तिच्याकडे गेली होती. त्यांनी रजेचा अर्ज केला. त्यावर शेरा पडला : 'सर्व्हर पूर्ववत झाल्यावर विचार करता येईल.'

"अहो, येताय ना? पोरगी सारखी विचारतेय, बाबा कधी येणार," बायकोने फोनवर विचारले.

"सर्व्हर मंद चाललाय गं."

"तो मंद आहे. तुम्ही तर नाही ना?"

ते त्यांच्या जिव्हारी लागले. त्यांनी समितीच्या हातापाया पडून फक्त पंधरा मिनिटांसाठी सगळे पडदे आणि मोबाइल बंद करवून घेतले. सर्व्हर सुसाट सुटला. तुंबलेली सगळी मागणी निकालात निघाली. सर्व्हरवाले धावत समितीपुढे आले.

"पण हे होताना पाहिलं कोणी?" साहेबांनी विचारले.

"कोणीच नाही साहेब. म्हणून तर झालं!"

समितीने यावर सखोल चर्चा केली. न पाहिलेली गती ग्राह्य धरता येत नाही, असा ठराव एकमताने झाला. त्या पंधरा मिनिटांत दिलेल्या वेळा संशयास्पद ठरवून रद्द करण्यात आल्या आणि पडदे पुन्हा सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा फोन आला. लेकीला कळा सुरू झाल्या होत्या. सर्व्हरवाल्यांनी वाद घातला नाही. तपासणीसाठी साठवून ठेवलेल्या एका मंगळवारच्या दिवसभराच्या ओळी त्यांच्याकडे होत्या. त्यांनी सर्व्हरवरची पाहणी गुपचूप बंद केली आणि सगळ्या पडद्यांना, मोबाइलना तो मंगळवार जोडून दिला, संपला की पुन्हा पहिल्यापासून.

सर्व्हर मोकळा झाला. तक्रारींचे फोन थांबले. पडद्यावर ओळी धावताहेत आणि तक्रारी नाहीत, हे पाहून समितीने योग्य तो निष्कर्ष काढला : पाहणीला यश आले आहे. साहेबांनी त्याच आनंदात रजेवर सही केली आणि सर्व्हरवाल्यांनी मिळेल ती गाडी पकडली. रात्री पोचले तेव्हा नात झालेली होती. तिला मांडीवर घेऊन ते ढसाढसा रडले.

आठवड्यानंतर साहेबांचा फोन आला. जनतेला शिस्त लागली आहे, असे ते म्हणाले. रोज ठरल्या वेळी ठरलेलेच लोक आजारी पडतात. बाराच्या सुमाराला एका गृहस्थांची दाढ पडद्यावर येते, तिच्यावर समिती घड्याळ लावते.

"एवढा आनंद आम्ही अकरा जणांनीच घ्यावा का?" साहेब म्हणाले. "लोकांनाही हे दाखवता येईल?"

मांडीवर नात जांभई देत होती. सर्व्हरवाल्यांच्या मनात खरे सांगायचे आले. मग त्यांनी रजा किती उरली आहे ते आठवून पाहिले.

"कितीही लोकांना दाखवा, साहेब. ह्याने सर्व्हरला काही होत नाही."

त्यानुसार ही सोय सर्वांसाठी खुली करण्यात आली असून तिचा लाभ आपणही घेत आहात. डॉक्टरांची वेळ आता क्षणात मिळते, हे आपल्या लक्षात आलेले नाही, कारण ती मिळाल्यावरही आपण तासभर मोबाइलमध्ये डोळे घालून हिरव्या ओळी पाहत असता. परवा त्या नादात आपली वेळ टळून गेली. तरीही आपण तक्रार केली नाही. उलट अभिप्रायाच्या चौकटीत आपण पाच तारे दिलेत आणि लिहिलेत, 'पूर्वी नुसतं काम व्हायचं. आता डोळ्यांनी दिसतं, म्हणून विश्वास बसला.'