वेशीजवळच्या गॅरेजचा दगड

"मी रामप्रसाद. जिथे पोलिसांची बुद्धी चहा प्यायला थांबते, तिथून माझी सुरू होते. माणसाने दाराची कडी कशी वाजवली यावरून तो दुपारी काय जेवला ते मी सांगतो. सव्वीस वर्षं घरोघर विजेची मीटरं वाचली. माणसं वाचायला मी वेगळा शिकलो नाही. खून, चोरी, हरवलेली शेळी. भेटा किंवा लिहा."

हा मजकूर माझा नाही. रामप्रसादांच्या जाहिरातीचा आहे. मी नवनाथ. बसस्टँडसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. त्यातली पंख्याखालची खुर्ची म्हणजे त्यांचं ऑफिस आणि मी त्यांचा सहायक. हे पद मला कधी मिळालं ते आठवत नाही. राजीनामा मात्र चार वेळा दिलाय. चारही वेळा त्यांनी तो "अक्षर संशयास्पद आहे" म्हणून तपासासाठी ठेवून घेतला.

त्या शनिवारी सकाळी पौर्णिमा मॅडम दुकानात आल्या, तेव्हा मला वाटलं झेरॉक्स काढायच्या असतील.

"नवनाथभाऊ, आमचा दगड चोरीला गेलाय."

रामप्रसाद खुर्चीतून उठले. शेळीच्या पुढे त्यांची बढती झाली होती.

पौर्णिमा मॅडम डोळे तपासतात. मागच्या वर्षी त्यांनी एक व्हॅन घेतली, आत यंत्रं बसवली आणि पाली, नांदूरघाट, वडवणी असं गावोगाव फिरून म्हाताऱ्या माणसांचे डोळे बघायला लागल्या. अडचण एकच होती, व्हॅन ठेवायची कुठे. त्यांच्या वडलांचं, आश्रुबा आबांचं, गावच्या जुन्या वेशीला लागून दगडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं गॅरेज होतं. पण त्याच्या लाकडाला वाळवी लागलेली, आणि वैशाखातल्या वावटळीत अर्धे पत्रे उडाले. उन्हात उभ्या व्हॅनमध्ये दोन लाखांचं यंत्र एकदा बंद पडून झालं होतं. दुसऱ्यांदा पडलं तर फिरता दवाखाना संपला.

आता आमची वेस सरकारने जपलेली. तिच्या शेजारी नवं बांधकाम करायला बंदी. जुनं असेल तर तेवढंच, त्याच जागी पुन्हा बांधता येतं. पण जुनं होतं हे दाखवावं लागतं. आबांच्या गॅरेजच्या दारावर एक दगड होता. त्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने छिन्नीने कोरलेलं, 'जय भीम १९७४'. मिस्त्रीने पडायला आलेली पुढची भिंत शुक्रवारी उतरवली, दगड बाजूला ठेवला आणि शनिवारी सकाळी तो जागेवर नव्हता. सोमवारी पाहणीला अधिकारी येणार होत्या.

"दगडाचा फोटो?" मी विचारलं.

"एक हाय. त्यात आबा जीपपुढं उभे हायेत. बरोब्बर दगडावर डोकं."

आम्ही वेशीकडे गेलो. गल्लीच्या उतारावर व्हॅन उभी होती, पलीकडे मातीचा ढीग आणि ढिगाजवळ बाजेवर आश्रुबा आबा. ऐंशीचा माणूस, अंगावर पांढरंशुभ्र धोतर. हातात काठी, पण आधारासाठी नाही, कुत्र्यांसाठी.

रामप्रसादांनी ढिगातली चिमूटभर माती उचलली, हुंगली आणि शिंकले.

"चोर डावखुरा होता," ते म्हणाले.

"मातीवरनं?" आबांनी विचारलं.

"तपास चालू आहे. प्रश्न विचारू नका."

पहिला संशय शेजारच्या बजरंगरावांवर. व्हॅनमुळे त्यांच्या दारात बैल वळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. शिवाय त्यांच्या ओसरीच्या भिंतीला ताजं प्लास्टर. रामप्रसादांनी माझ्या कानात सांगितलं, "दगड भिंतीत चिणलाय. जुनी निजामी पद्धत." मग तासभर ते ती भिंत बोटांनी वाजवत राहिले. रतनबाईंनी, म्हणजे बजरंगरावांच्या बायकोने, आम्हाला आधी पाणी दिलं, मग चिवडा दिला आणि शेवटी नवऱ्याला बोलावून आणलं.

"काय करायलास बे?" बजरंगराव माझ्यावर ओरडले. त्यांना बोलायला नेहमी मीच सापडतो.

"भिंत पोकळ वाजते," रामप्रसाद म्हणाले.

"पोकळच हाय ती! आत कोनाडा हाय. कोनाड्यात आमच्या आईचा पानाचा डबा ऱ्हायलाय, मिस्त्रीनं तसंच लिंपलं. काढता का? लई उपकार होतील."

आम्ही काढला नाही. संशय मागे घेतला.

दुसरा संशय आंतरराज्य टोळीवर. '१९७४' हे साल नसून खजिन्याचा नकाशा आहे, असं रामप्रसादांना रविवारी सकाळी दाढी करताना समजलं. एकोणीस पावलं उजवीकडे, चौऱ्याहत्तर डावीकडे. मी मोजून बघितली. चौऱ्याहत्तरावं पाऊल सार्वजनिक मुतारीत पडलं. तेवढ्यात गल्लीत तेलंगणाच्या नंबरची पांढरी गाडी शिरली. रामप्रसादांनी ती अडवली आणि आतल्या चार माणसांना पंचवीस मिनिटं विचारपूस केली. पाचवा माणूस तोंडाला रुमाल लावून बसला होता, म्हणून त्याचा रुमाल काढायला लावला. तो नवरदेव निघाला, दाढदुखीने बेजार. मंडळी गल्लीतल्या सुंदररावांची मुलगी बघायला आली होती. सुंदरराव अजून मला नमस्कार करत नाहीत.

रविवारी संध्याकाळी पौर्णिमा मॅडमनी विचारलं, "काका, काही लागलं का हाताला?"

रामप्रसाद आबांच्या बाजेसमोर उभे राहिले आणि त्यांनी तिसरा सिद्धान्त मांडला. तो त्यांनी मांडायला नको होता.

"सगळ्या शक्यता संपल्या. उरली ती एकच. असा दगड नव्हताच. म्हाताऱ्या माणसाला भास होतात, पौर्णिमाताई. डोळ्यांनी पाहिलेलं आणि मनाने पाहिलेलं..."

"साहेब, गप बसा," मी म्हणालो. सहायक म्हणून हे माझं पहिलंच बरोबर वाक्य.

आबा रागावले नाहीत. काठीने त्यांनी वेशीकडे दाखवलं.

"माझा बाप ह्या वेशीचा वेसकर. रातीला दार लावायचं, पहाटं उघडायचं, अन् दिवसभर पायरीच्या खाली उभं ऱ्हायचं. मी लिलावातली जीप घेतली अन् ह्याच वेशीतनं हॉर्न वाजवत आणली. बाप तवा थकला होता. म्हणला, 'आश्रू, ह्या वेशीला टेकून तुझी गाडी उभी कर. सगळ्यांला दिसू दे.' म्हणून गॅरेज हितं. दगड मी कोरला, बापानं धरला. आता तुमी म्हणता नव्हताच."

रामप्रसादांनी खिशातून वही काढली, उघडली, काही न लिहिता मिटली. घरी जाताना ते एकही निष्कर्ष न काढता चालले. मला त्यांची काळजी वाटली.

सोमवारी अकराला वनमाला मॅडम आल्या. पाहणी अधिकारी. हातात टेप, डोक्याला स्कार्फ, बोलणं मोजकं.

"पुरावा?"

"होता," पौर्णिमा मॅडम म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत होता."

"मला होता लिहिता येत नाही. आहे किंवा नाही लिहिता येतं."

बजरंगराव ओट्यावरून उतरले. मला वाटलं, आता बैलाची तक्रार निघणार. ते म्हणाले, "मॅडम, मी लिहून देतो. ह्या गॅरेजातल्या जीपमधी बसून मी बीडला दहावीचा पेपर द्यायला गेलतो. आबानी माझ्याकून एक रुपया घेतला न्हाई."

"चांगलं आहे. पण सोबत वस्तू लागेल." मॅडमनी टेप उघडली. "निदान माप घेते. ही व्हॅन जरा पुढे घ्या."

पौर्णिमा मॅडम गाडीत बसल्या. चावी फिरवणार तेवढ्यात आबा बाजेवरून ओरडले, "थांब पोरी! आधी दगड काढू दे!"

"कसला दगड, आबा?"

"चाकाखालचा! उतारावर गाडी लावली की मागच्या चाकाला दगड. चाळीस वर्षं डायव्हरकी केली, कधी चुकलो न्हाई. शुक्रवारी सांजच्याला ढिगातला एक चांगला जड बघून लावला."

आबा वाकले, दगड ओढून काढला आणि बाजूला लोटला. तो उलटा पडला.

जय भीम १९७४.

दोन दिवस आम्ही व्हॅनला टेकून तपास केला होता. रामप्रसादांनी तर चिवडा त्याच चाकाजवळ बसून संपवला होता.

"आबा," पौर्णिमा मॅडम हळूच म्हणाल्या, "तुमच्या हातचा दगड तुमाला वळखू आला न्हाई?"

कोरलेल्या अक्षरांवरून आबांनी बोट फिरवलं. "बोटाला येतंय वळखू. डोळ्याला वरीस झालं सगळं धुरकट दिसतंय. तू गावाचे डोळे बघायलीस, त्यात माझं कुठं सांगत बसू?"

वनमाला मॅडमनी दगडाचे फोटो काढले, माप घेतलं आणि कागदावर लिहिलं, 'आहे'. मग टेप गुंडाळत म्हणाल्या, "गॅरेज मापातच बांधा. आणि यांना आधी गाडीत बसवा."

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन पंधरा दिवसांत झालं. गॅरेजही उभं राहिलं, त्याच जागी, त्याच मापाचं. दगड बसवताना बजरंगरावांनी खालून हात दिला. रतनबाईंनी पुन्हा चिवडा केला.

त्या दिवशी पौर्णिमा मॅडमनी रामप्रसादांनाही व्हॅनमध्ये बसवलं. समोर अक्षरांचा तक्ता.

"काका, तिसरी ओळ वाचा."

"वाचायची गरज नाही. वर 'प' आहे, तर क्रमाने खाली 'फ' असणार. त्यापुढे 'ब'."

"तिथं 'र' हाय, काका."

"मग तक्ता बनवणारा काहीतरी लपवतोय."

तरी त्यांना चष्मा लागलाच. जाड काचेचा. तो घालून ते दुकानात आले, पंख्याखाली बसले आणि माझ्याकडे रोखून बघू लागले. मला वाटलं, आता माझ्यावर संशय.

"नवनाथ," ते बऱ्याच वेळाने हळूच म्हणाले, "तुझे केस पांढरे झालेत बे. आधी सांगायचं नाही का? मी तुला इतकं पळवलं नसतं."

मी पाचवा राजीनामा लिहायला घेतला होता. तो मशीनखाली सरकवला आणि दोन चहा सांगितले.