प्रतीक्षायादी शून्यावर

नेत्ररुग्णालयाची प्रतीक्षायादी उघडायला वेळ लागतो, ही बाब व्यवस्थापनाच्या निदर्शनास आली आणि ॲप बनवण्याचं काम माझ्याकडे सोपवण्यात आलं. शस्त्रक्रियेला का वेळ लागतो, हा प्रश्न माझ्या कार्यकक्षेत येत नव्हता. यादीत माझी आईही होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मला ती आता आवाजावरूनच ओळखायची.

"सगळी नावं नुसती मेमरीत ठेवलीस?" शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. "डिस्कवरही लिही की. सर्व्हर बंद झाला तर सगळं पुसलं जाईल."

"मेमरी म्हणजे जिभेवरचं. डिस्क म्हणजे माळ्यावरची पेटी. शिडी आणा, झाकण उघडा, धूळ झटका... कोण करत बसतंय?"

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी त्या यादीत नव्हतो.

ॲप पापणी लवायच्या आत उघडायचं. ज्यांना स्क्रीन दिसत नव्हती, त्यांनीही नातवंडांकरवी पाच तारे दिले. मला सन्मानचिन्ह मिळालं.

मग वीजबचतीचं परिपत्रक आलं. रुग्णालयाने ते निष्ठेने पाळलं आणि सुट्टीला सर्व्हर बंद ठेवला. दुसऱ्या दिवशी, नेमका आईच्या ऑपरेशनचा नंबर होता तेव्हा, ॲप नेहमीपेक्षाही चटकन उघडलं. आत काही उरलंच नव्हतं.

"यादीत कोणीच नाही," स्वागतकक्षातल्या बाई म्हणाल्या.

"अहो, एवढे लोक समोर बसलेत ना!"

"बसलेत. प्रतीक्षेत नाहीत."

'प्रतीक्षायादी शून्यावर' असा अहवाल त्याच दिवशी वर गेला. आईला नव्याने नोंदणी करायला सांगितलं. ओळखीने मध्ये घुसवायची सोय पारदर्शकतेच्या नावाखाली मीच काढून टाकली होती. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आईने सन्मानचिन्ह चाचपलं. "काय लिहिलंय रे यावर?"

"वेगाबद्दल."

"कुणाच्या?"

त्याच दिवशी मी डिस्कवर लिहायची सोय केली. आता ॲप उघडायला क्षणभर जास्त लागतं, पण नाव एकही जात नाही. आईचंही आहे, तळाशी. तारे मात्र पाचाचे दोन झाले. 'फार स्लो झालंय' अशा तक्रारींचा पाऊस पडतोय. लोकाग्रहास्तव पूर्वीसारखं करता येईल का, असं व्यवस्थापकांनी परवा विचारलं.

त्या तक्रारींत तुमचीही आहे. नाही म्हणू नका. आता सगळं डिस्कवर राहतं.