तपासणीला सगळी पलटण

"येऊ दे त्या तपासनीसाला! एक जरी चूक निघाली, तर नाव बदलीन माझं!" माईंनी फोनवर ठणकावून सांगितलं. पलीकडे त्यांची मदतनीस तापाने फणफणली होती. तिला निवांत झोपायला सांगून माईंनी पदर खोचला. आईबापांपासून दुरावलेल्या बारा मुलांचं घर त्या चालवत होत्या. त्यासाठी नुसती माया पुरत नाही, सरकारी नियम तोंडपाठ लागतात, आणि ते त्यांना होतेच.

परवाना संपत आला होता. साहेबांनी मुलं कमी करा म्हटलं, तर शेवटी आलेली आधी जाणार. म्हणजे चिमणी आणि तिचा धाकटा भाऊ. तेही दोन वेगळ्या घरांत!

तपासनीस आले. "चला, खोल्या बघून घेतो."

"थांबा साहेब! बाहेरच्या माणसाला घरात एकटं सोडायचं नाही. नियम आहे."

"मग तुम्ही चला बरोबर."

"मी आले तर मुलांपाशी मोठं माणूस कोण? तोही नियमच!"

"अहो, मग करायचं काय?"

"सगळेच जाऊ!"

शाळेला सुट्टी होती. साहेब स्वयंपाकघरात गेले, मागोमाग माई, मागोमाग बारा मुलं. कोठीच्या खोलीत साहेबांचा चष्मा पिठाच्या डब्यात पडला. झोपायच्या खोलीत वाट मिळेना म्हणून ते खाटेवर चढून पलीकडे उतरले. शेवटी ते संडासात शिरले, तर बाहेर अख्खी पलटण उभी!

"काका, झालं का?" चिमणीच्या भावाने दार वाजवलं.

घामाघूम साहेब दिवाणखान्यात येऊन बसले. "बाई, प्रत्येक खोलीत प्रचंड गर्दी आहे. मुलं कमी करावी लागतील."

"अहो, तीच बारा मुलं आहेत ती!" माई कडाडल्या. "तुम्ही जाल तिथे येत होती!"

"मी दिसेल तेच लिहितो."

माईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे नियम लिहिणाऱ्याने एकदा तरी बारा मुलांना आंघोळ घालून वेळेवर शाळेत धाडून दाखवावं! "चला रे अंगणात!" त्यांनी मुलांना बाहेर काढलं. "जा साहेब, आता बघा किती गर्दी आहे ती!"

साहेब पुन्हा सगळ्या खोल्या फिरून आले. चेहरा आणखी गंभीर. "आत एकही मूल नाही. मग हे घर चालू ठेवायचं कशाला?"

चिमणीने भावाचा हात घट्ट धरला. ते बघून माईंचे डोळेच भरून आले. "साहेब, या दोघांची ताटातूट करणार का तुम्ही? तुमच्या गणितापायी?"

साहेबांनी चष्म्यावरचं पीठ पुसलं. मग त्यांनी बोटांवर हिशेब केला. "पहिल्या वेळी खोलीत बारा, दुसऱ्या वेळी शून्य. सरासरी सहा. नियमात बसतं. राहू देत सगळी."

मुलांनी एकच गिल्ला केला. माईंनी दोघांना पोटाशी धरलं. बघितलंत ना, नियम पाळले की असं होतं, असं त्या बोलणार, इतक्यात साहेब फाटकातून मागे वळले.

"बाई, मगाशी मी घरात एकटाच फिरत होतो. तेव्हा तुम्ही कुठे होतात? ही चूक मात्र मला लिहावी लागेल."

माईंनी आ वासला. चिमणीने त्यांचा पदर ओढला.

"माई, मग आता तुला काय म्हणायचं?"