मेमरीतला कंडक्टर

"आठ सेकंद? मॅडम, आठाचं शून्य करून दाखवतो! नाही केलं तर नाव बदलेन!"

नाव बदलायला त्याचं काय जात होतं! त्याचं खरं नाव ऑफिसात कुणाला आठवतच नव्हतं. सगळे त्याला कंडक्टर म्हणायचे. आता कॉम्प्युटरच्या कंपनीत कंडक्टर कुठून आला, म्हणाल, तर सांगतो.

यंत्राची मेमरी म्हणजे एक बस समजा. पाच जणांचं कुटुंब चढतं आणि हट्ट धरतं, बसू तर एका ओळीतच बसू! रिकाम्या जागा पंधरा आहेत, पण एक इथे, एक तिथे. मग कुणीतरी ओरडावं लागतं, "चला, पुढे सरका! ओ काका, तुम्ही तिकडे बसा! ताई, पिशवी मांडीवर घ्या!" सगळे सरकले की ओळीत जागा होते. यंत्राच्या पोटात सगळा कारभार बघणारा एक कर्नल असतो. त्या कर्नलमधला हा सरकवासरकवीचा भाग आपल्या माणसाने लिहिला होता. वर्षानुवर्षं तो तेवढंच करत आला होता. ("कर्नल" ऐकून त्याच्या सासूबाई जावई लष्करात आहेत असं चार घरी सांगून आल्या होत्या. त्याने खुलासा तर केला नाहीच, उलट मिशी वाढवली!)

तर त्या दिवशी मॅडमच्या खोलीत बेलवाले साहेब येऊन बसले होते. त्यांचा धंदा दाराच्या बेलचा. साधी बेल नव्हे, कॅमेऱ्याची! बाहेरच्याने बटण दाबलं की आतल्या पडद्यावर त्याचं तोंड दिसायचं, असं जाहिरातीत म्हटलं होतं. पण कॅमेऱ्याला लागायची मोठी सलग जागा, आणि ती करून देता देता कर्नलला लागायचे आठ सेकंद. तोवर बाहेरचा माणूस कंटाळून वळलेला असायचा.

"पोस्टमनची पाठ!" बेलवाले टेबलावर फोटो आपटत होते. "दूधवाल्याची पाठ! ही माझ्या सख्ख्या बहिणीची पाठ! ती रुसली ती अजून बोलत नाही! मी काय पाठींचं प्रदर्शन भरवू?"

ते गेल्यावर मॅडमनी दार लावलं. "सोमवारी ते पुन्हा येतील. जमलं तर तुम्ही विभागप्रमुख. नाही जमलं तर कंत्राट गेलं, तुमचा विभागही गेला आणि तुम्ही तळघरात."

तळघरात प्रिंटर विभाग होता. तिथे दिवसभर एकच काम, अडकलेला कागद ओढून काढायचा. खाली गेलेला माणूस परत वर आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून तर कंडक्टर एवढ्या जोरात म्हणाला, आठाचं शून्य करतो!

युक्तीही नामी होती. बसमध्ये काही मंडळी जागची हलतच नाहीत. खिडकीपाशी झोपलेले आजोबा घ्या. कितीही "सरका" म्हणा, ढिम्म! आणि कर्नल बिचारा दर फेरीला त्यांनाच उठवत बसायचा. कंडक्टरने ठरवलं, जो हलत नाही त्याच्यावर चिठ्ठी लावायची, "यांच्या नादी लागू नये." पुढच्या फेरीला चिठ्ठी दिसली की वळसा घालून पुढे!

दुपारच्या चहाआधी लिहून झालं. बटण दाबलं. डोळ्याचं पातं लवलं नाही तोच उत्तर! त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच! त्याने सगळ्या ऑफिसला निरोप धाडला, "झालं!!!!!! आठाचं शून्य!!!!!!"

सगळे टाळ्या वाजवत आले. एक जण सोडून. तो शंकासुर. दुसऱ्यांच्या कोडातल्या चुका काढायचा त्याला पगार मिळायचा, आणि तो फुकटही काढायचा.

"वेळ शून्य, ठीक आहे," शंकासुर म्हणाला. "जागा किती झाली?"

"अरे, वेग बघ वेग!"

"वेग बघितला. जागा?"

"तुला कुणी सोन्याचं ताट दिलं ना, तर तू तेही वाजवून बघशील!"

"बघणारच," शंकासुर म्हणाला. "देणारा तू असलास तर दोनदा."

पण त्याचं ऐकतो कोण! मॅडमनी तिकडे फोन लावलासुद्धा. "सोमवार कशाला साहेब, उद्याच या!"

घरी कंडक्टरच्या पायातले बूट निघाले नाहीत तोच बायकोने आईला फोन करून टाकला. "आई, हे विभागप्रमुख झाले!"

"अगं, अजून झालो नाही!"

"उद्या होणारच ना? मग आज सांगितलं तर काय बिघडलं!"

जेवताना मात्र ती कौतुकाने विचारायला लागली. "अहो, पण एवढं काम एकदम शून्यात? कसं काय जमवलंत?"

"डोकं लागतं!" कंडक्टरने मिशीवरून हात फिरवला.

"तसा मागे माळाही तुम्ही पाच मिनिटांत आवरला होतात."

"बघ! वेग रक्तातच आहे आपल्या!"

"मी नंतर शिडी लावून पाहिलं. एक डबा जागचा हलला नव्हता."

कंडक्टर खो खो हसला. हसता हसता थांबला. घास हातातच राहिला आणि बायको विचारायला लागली, मिरची लागली का म्हणून.

सकाळी ऑफिस उघडायच्या आधी तो दारात हजर! कोड उघडला आणि कपाळावर हात मारला. आता ही कोडाची भाषा मोठी तिरपागडी. आपण उद्गारचिन्ह आनंदाने ठोकतो, तिथे त्याचा अर्थ होतो "नाही". "हलत नाही त्याला चिठ्ठी लाव" असं लिहायचं, तर ते चिन्ह हवंच. ते राहिलं आणि झालं "हलतो त्याला चिठ्ठी लाव"! म्हणजे जी भली माणसं उठायला तयार होती, त्यांना कर्नल विचारतच नव्हता! तो थेट झोपलेल्या आजोबांना विचारायचा, आजोबा घोरायचे, आणि "जागा नाही" म्हणून कर्नल मोकळा! निरोपात डझनभर उद्गारचिन्हं उधळली आणि जिथे एक हवं होतं तिथेच कंजुषी केली.

त्याने चिन्ह घातलं आणि पुन्हा चालवून पाहिलं. साडेसात सेकंद.

"वा, अर्धा सेकंद वाचला की," मागून शंकासुर म्हणाला. "आता पूर्ण पाठ दिसणार नाही. एक कान पण दिसेल."

"अरे, कालचाच चुकलेला कोड त्या बेलमध्ये भरलाय! ते यायच्या आत बदलायला हवा!"

"आलेत ते. मीटिंगच्या खोलीत बसलेत. बेल दारावर लावून झालीये. मॅडम म्हणाल्या, बटण दाबायला कुणाला तरी पाठवा."

कंडक्टर जो सुटला! आजवर मॅडमशी खोटं बोलला नव्हता, आणि निदान तळघरात तरी ताठ मानेने जायचं होतं. "थांबा! दाबू नका!" ओरडत तो वळणावर आला. फरशी नुकतीच पुसली होती. पायाला ब्रेक लागेना. तो घसरत गेला तो सरळ दारावर, आणि आधाराला पुढे केलेला तळवा नेमका बेलवर!

टिंग टाँग!

आतून किंकाळी आली. "तोंड! मॅडम, तोंड!"

दार उघडलं. पडद्यावर आ वासलेलं तोंड, वटारलेले डोळे आणि खाली केरसुणी. केरसुणी नव्हे, मिशी होती ती! सलग जागा मिळत नाही म्हटल्यावर कॅमेऱ्याने मिळेल त्या तुकड्यात भागवलं होतं. चित्र लहान आणि रवाळ आलं, पण आलं लगेच.

बेलवाल्यांचे डोळे भरून आले होते. "दोन वर्षांत पहिलं तोंड!"

"साहेब, माफ करा," कंडक्टर धापा टाकत म्हणाला. "माझ्या कोडात चूक आहे. तो काहीच सरकवत नाही. जागा मागितली की लगेच नाही म्हणतो."

"लगेच?"

"लगेच."

"अहो, मग हेच तर हवंय! आमच्याकडे माणसं नाही म्हणायला तीन-तीन महिने लावतात! पोस्टमन ओळखू आला, बहीण ओळखू आली, बास! मला काय त्यांचे फोटो फ्रेम करायचेत?" त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली.

टाळ्या पडल्या. कंडक्टरला आपण आनंदाने रडतोय की पाय मुरगळल्यामुळे, तेच कळेना. तेवढ्यात दारातून शंकासुर म्हणाला, "एक शंका."

सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"सरकवायचंच नसेल, तर हा सरकवणारा कोड ठेवायचा कशाला?"

मॅडमनी कंडक्टरकडे बघितलं, कंडक्टरने जमिनीकडे. मग शंकासुरने कंडक्टरचा कित्येक वर्षांचा कोड उचलला आणि पुसून टाकला. पुन्हा बेल दाबली. आधीपेक्षा लवकर तोंड दिसलं! पुन्हा टाळ्या! सगळेच वाजवत होते म्हणून कंडक्टरनेही वाजवल्या.

"मी शब्द दिला होता," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला विभागप्रमुख करणार म्हणजे करणार! पण आता तुमचा विभागच उरला नाही हो. प्रमुखाची एकच जागा रिकामी आहे." आणि त्यांनी बोट खाली दाखवलं.

संध्याकाळी बायको दारातच उभी होती. "झालात ना?"

"झालो."

"कसले?"

त्याने सांगितलं. तिने आधी तोंडाला पदर लावला, मग पदर सोडून मोकळेपणाने हसली. हसून झाल्यावर तिला त्याची दया आली आणि ती पाणी आणायला वळली. तेवढ्यात फोन वाजला. सासूबाईंचा! तिने तो सरळ नवऱ्याच्या हातात दिला.

"अभिनंदन हो जावईबापू! आता मोठे साहेब झालात, तुम्हाला असलं काम सांगायला जीभ रेटत नाही. पण तुमच्या सासऱ्यांनी प्रिंटरमध्ये कागद अडकवून ठेवलाय. तुमच्या हाताखाली असा कुणी साधासुधा माणूस असेल तर पाठवाल का?"

"आहे एक," कंडक्टर म्हणाला. "सकाळी येऊन जाईल."